जिच्याकडून हरलीस तिच्याशीच परत बाउट (लढत) आहे, तर आधी हे वाच

या वेळचं पत्र एका १९ वर्षांच्या मुलीचं आहे. नाव-गाव छापू नका असं तिनं सांगितलंय म्हणून छापत नाही, पण पत्र जवळपास आहे तसंच देते, कारण त्यातली एक ओळ फार महत्त्वाची आहे आणि ती लिहिताना तिच्या स्वतःच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

"ताई, मी एसवाय बीकॉमला आहे, चार वर्षं बॉक्सिंग करते. राज्याच्या निवड चाचणीत सेमीफायनलला एका मुलीकडून ४-१ ने हरले. ती डावखुरी आहे, मी उजवी. तिचा डावा हात मला दिसतच नव्हता, कुठून येतोय तेच कळेना. तिसऱ्या राऊंडला तर पायच उचलत नव्हते. वजन बसवायला शेवटच्या आठवड्यात तीन किलो उतरवले होते पण ते सगळेच करतात. आता चार महिन्यांनी परत स्पर्धा आहे आणि आमच्या वजनात मुली मोजक्याच, म्हणजे ती समोर येणारच. सर म्हणतात झालं गेलं विसर. दादा म्हणतो रोज व्हिडिओ बघ आणि राग साठवून ठेव. मैत्रिणी म्हणतात खालच्या वजनात जा ना, कटकटच नको. व्हिडिओ मी अजून एकदाही बघितला नाही, लावला की पोटात गोळा येतो. मला तिला नुसतं हरवायचं नाहीये, फोडायचंय. आणि परत हरले तर? आई आधीच म्हणते बास कर आता. काय करू?"

अगं, पहिल्यांदा हे ऐक की तिला हरवावंसं वाटणं यात वावगं काहीच नाही. सर चांगल्या मनानं म्हणतात विसर म्हणून, पण बॉक्सिंगमध्ये ज्यांनी ज्यांनी पराभवाचा वचपा काढला त्यातलं कुणी काही विसरलं नव्हतं. जो लुईस १९३७ मध्ये हेवीवेटचा वर्ल्ड चॅम्पियन झाला, सगळी दुनिया त्याला चॅम्पियन म्हणत होती, आणि त्याचं स्वतःचं म्हणणं असं की श्मेलिंगला हरवेपर्यंत मी स्वतःला चॅम्पियन मानत नाही. तेव्हा तू विसरू नकोस. फक्त नेमकं काय लक्षात ठेवायचं ते बदल.

लुईसची गोष्ट जरा सविस्तर सांगते कारण तुझ्या व्हिडिओच्या प्रश्नाचं उत्तर तिच्यातच आहे. जून १९३६, न्यूयॉर्कचं यांकी स्टेडियम. लुईस २२ वर्षांचा, प्रोफेशनलमध्ये एकदाही न हरलेला, आणि समोर जर्मनीचा मॅक्स श्मेलिंग, तिशीचा, माजी चॅम्पियन, लोक म्हणत होते याचे दिवस भरले. पण श्मेलिंग अभ्यास करून आला होता. लुईसच्या फाईटच्या फिल्म त्यानं परत परत बघितल्या होत्या आणि एक गोष्ट हेरली होती, लुईस जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ झटपट पंच, मारतो तेव्हा डावा हात सरळ गालापाशी परत आणत नाही, खाली सोडतो, आणि तेवढ्या क्षणाला त्याचा डावा गाल उघडा पडतो. बस, एवढंच. चौथ्या राऊंडला श्मेलिंगचा उजवा हात त्या फटीतून आत गेला आणि लुईस प्रोफेशनल करिअरमध्ये पहिल्यांदा खाली बसला, आणि मग तोच उजवा हात त्याच जागी राऊंडमागून राऊंड लागत राहिला, शेवटी बाराव्यात नॉकआऊट. गणितात एक हातचा चुकला की खालचं सगळं उत्तर चुकत जातं ना, तसं झालं ते. माणूस वाईट बॉक्सर नव्हता, एक हात जरा खाली पडत होता.

यावर लुईसनं काय केलं बघ. त्याचा कोच जॅक ब्लॅकबर्न, त्यानं तो डावा हात पकडला, जॅब झाला की हात परत वर, झाला की वर, हे अंगात मुरेपर्यंत. आणि लुईस घरी बसून राहिला नाही, दोन महिन्यांत, ऑगस्ट १९३६ मध्येच, त्यानं जॅक शार्कीला तिसऱ्या राऊंडला झोपवलं, मग एकामागून एक फाईट, मग वर्ल्ड टायटल. २२ जून १९३८ ला त्याच यांकी स्टेडियममध्ये सत्तर हजारांच्या आसपास लोकांसमोर श्मेलिंग परत त्याच्या पुढं उभा राहिला तेव्हा फाईट चालली १२४ सेकंद. पहिल्याच राऊंडला संपली. श्मेलिंग ज्या फटीची वाट बघत होता ती आता नव्हतीच आणि दुसरं काही शोधायला त्याला वेळच मिळाला नाही. तेव्हा जर्मनीत हिटलर होता, त्या फाईटवर राजकारणाचं केवढं ओझं होतं, लुईस काळा, म्हणून अमेरिकेतल्या काळ्या लोकांनी त्या रात्री रस्त्यावर उतरून जल्लोष केला, ती सगळी मोठी गोष्ट आहे आणि वाचण्यासारखी आहे. पण रिंगच्या आत जे झालं ते डाव्या हाताच्या हिशेबानं झालं.

म्हणून व्हिडिओ बघ. दादा म्हणतो तसा रोज रोज नको, त्यानं काही शिकायला मिळत नाही, फक्त जखम ताजी राहते. सरांबरोबर बसून बघ, आवाज बंद करून, म्हणजे आजूबाजूचा आरडाओरडा ऐकून पोटात गोळा येणार नाही. पहिल्यांदा बघशील तेव्हा फक्त तिचे पाय बघ, हात बघूच नकोस. दुसऱ्यांदा फक्त स्वतःला बघ. आणि मग तिचा जो जो डावा हात तुला स्वच्छ लागला त्या प्रत्येक ठिकाणी व्हिडिओ थांबवून एक सेकंद मागं जा, त्या सेकंदाला तू काय करत होतीस ते वहीत लिही. दहा पंच लागले असतील तर दहा ओळी होतील, आणि माझी खात्री आहे की त्यातल्या सहा-सात ओळी सारख्याच निघतील.

मी बरीच वर्षं मुलींच्या कॉर्नरला, म्हणजे रिंगच्या कोपऱ्यात त्यांच्या मदतीला, उभी असते, त्यामुळं अंदाज सांगते, नक्की काय ते व्हिडिओच सांगेल. डावखुरी मुलगी समोर असली की तिचा पुढचा पाय उजवा आणि आपला डावा, दोघींचे पुढचे पाय एकमेकींना अडतात. ज्या मुलींना साउथपॉची, म्हणजे डावखुऱ्या बॉक्सरची, सवय नसते त्या गडबडून आपल्या उजवीकडं सरकतात, म्हणजे थेट तिच्या डाव्या हाताच्या तोंडी जातात, आणि मग म्हणतात हात दिसलाच नाही. आपला डावा पाय तिच्या उजव्या पायाच्या बाहेर ठेवायचा, डावीकडं सरकायचं, आणि आपला सरळ उजवा हात हेच मुख्य शस्त्र धरायचं कारण तिच्या गार्डच्या, म्हणजे तोंडापुढं धरलेल्या हातांच्या, मधोमध तोच जातो. आणि जॅब मारून तिथंच उभं राहायचं नाही. कागदावर हे चार ओळींचं काम आहे पण पायांना ते शिकायला महिने लागतात, आणि तुझ्याकडं चार महिने आहेत, म्हणजे पुरेसे आहेत.

आता ती ओळ. "वजन बसवायला शेवटच्या आठवड्यात तीन किलो उतरवले होते पण ते सगळेच करतात." अगं, तिसऱ्या राऊंडला पाय का उचलत नव्हते याचं उत्तर तू स्वतःच लिहिलंयस आणि पुढच्या वाक्याला निघून गेलीस! पाणी तोडून, घाम काढून तीन किलो उतरवायचे आणि मग तीन मिनिटांचे तीन राऊंड पूर्ण दमानं खेळायचे, शरीर कुठून आणणार ते? प्रोफेशनल लोकांचं वजन फाईटच्या आदल्या दिवशी होतं, त्यांना भरून काढायला रात्र मिळते. आपल्याकडं स्पर्धेत बाउटच्या दिवशी सकाळी वजन, आणि पुढच्या दिवशी परत बाउट तर परत वजन. सेमीफायनलपर्यंत तू किती सकाळी उपाशी काट्यावर उभी राहिलीस ते मोज. शिवाय सुकलेल्या शरीरानं डोक्यावर मार खाणं जास्त धोक्याचं असतं, हे सर सांगत नसतील तर मी सांगते.

म्हणून मैत्रिणींचा खालच्या वजनाचा सल्ला मला साफ नापसंत आहे. जे तीन किलो तुला नडले ते तिथं पाच-सहा होतील. आणि पळून जाऊन सुटका होईलच असंही नाही. आपला अमित पंघाल बघ, हरियाणातल्या रोहतकजवळचा, सैन्यातला मुलगा. २०१७ मध्ये उझबेकिस्तानच्या हसनबॉय दुस्मातोवकडून तो एकाच वर्षात दोनदा हरला, एकदा एशियन चॅम्पियनशिपमध्ये आणि एकदा वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये. दुस्मातोव म्हणजे रिओ ऑलिंपिकचा गोल्ड मेडलिस्ट, गंमत नव्हती. २०१८ च्या जकार्ता एशियन गेम्सच्या फायनलला तोच समोर, ४९ किलोत, आणि पंघालनं ३-२ नं ती फायनल काढली. त्या गेम्समध्ये भारताला बॉक्सिंगचं ते एकच गोल्ड. मग ४९ किलो गट ऑलिंपिकमधून गेला म्हणून पंघाल वर ५२ ला सरकला, आणि २०१९ ला बँकॉकच्या एशियन चॅम्पियनशिपमध्ये क्वार्टर फायनलला समोर कोण? परत दुस्मातोव, तोही वर सरकलेला. पंघालनं तिथंही हरवला आणि गोल्ड घेऊनच आला. म्हणजे गट बदलला म्हणून माणूस टळला नाही. आहे त्याच गटात रहा, पण वजन आत्तापासून हळूहळू आण, आठवड्याला अर्धा किलोच्या वर नको, आणि शेवटच्या आठवड्यात नीट जेवून-पाणी पिऊन काट्यावर उभी राहता आलं पाहिजे असं गणित सरांबरोबर बसव. ते जमतच नसेल तर वरच्या गटाचा विचार कर. आणि पाळी अनियमित झाली असेल किंवा चक्कर येत असेल तर सरांच्या आधी डॉक्टरांकडं जा.

दमाच्या बाबतीत लेनॉक्स लुईसचं उदाहरण मला फार पटतं, कारण तो त्याच्या काळातला बहुतेक सगळ्यात चांगला हेवीवेट होता आणि तरीही तयारीत ढिलाई झाली की काय होतं ते त्यानं भोगलं. एप्रिल २००१, दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गजवळ ब्रॅकपानला हासिम रहमानशी फाईट. ती जागा समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरहून उंच, हवा विरळ, धाप लवकर लागते. रहमान जवळपास महिनाभर आधी जाऊन तिथल्या हवेला सरावला. लेनॉक्स तेव्हा लास वेगासला सिनेमाच्या शूटिंगमध्ये, आफ्रिकेत उशिरा पोचला, वजनही वाढलेलं. पाचव्या राऊंडला दोराशी उभा असताना रहमानचा एक उजवा लागला आणि खेळ खलास. मग रहमान रिमॅच द्यायला तयार नव्हता तर लेनॉक्स कोर्टात गेला आणि करारातलं कलम लागू करून घेतलं. नोव्हेंबर २००१ ला लास वेगासमध्ये रिमॅच, या वेळी सुमारे तीन किलो हलका, आणि चौथ्या राऊंडला डावा हुक (कोपर वाकवून बाजूनं मारलेला पंच) आणि मागोमाग उजवा, रहमान पाठीवर. बॉक्सिंग तेच, माणूस तोच, फक्त तयारीला वेळ दिला.

त्याच्या आधीची लेनॉक्सची हार मला जास्त शिकवणारी वाटते. १९९४ मध्ये वेम्बलीला ऑलिव्हर मॅकॉलनं त्याला दुसऱ्याच राऊंडला संपवलं. त्या रात्री मॅकॉलच्या कॉर्नरला इमॅन्युएल स्टुअर्ड नावाचा कोच होता. लेनॉक्सनं पुढं काय केलं तर त्याच स्टुअर्डला आपला कोच केलं! ज्या माणसानं माझ्यातली चूक शोधली त्यालाच ती दुरुस्त करू दे, असा सरळ विचार. स्टुअर्डनं त्याचा तोल सुधारला, जॅब सुधारला, आणि १९९७ ला मॅकॉलशी परत गाठ पडली तेव्हा मॅकॉल रिंगमध्येच कोलमडला, रडायला लागला, हात उचलेना, रेफरीनं पाचव्या राऊंडला फाईट थांबवली. बघायला वाईट वाटतं ती फाईट, त्या माणसाला तेव्हा खरं तर मदतीची गरज होती. पण लेनॉक्स रिटायर झाला तेव्हा प्रोफेशनलमध्ये ज्या कुणाशी लढला त्या प्रत्येकाला कधी ना कधी हरवूनच गेला, हे फार थोड्या जणांना जमलंय. तू कोच बदल असं मी म्हणत नाहीये हं. पण त्या मुलीला आधी कुणीतरी हरवलं असेलच ना? त्या मुलीला फोन कर, विचार कसं हरवलंस. बहुतेक जणी मनापासून सांगतात.

आता रागाबद्दल, "फोडायचंय" बद्दल. दादाला ही गोष्ट सांग. १९८० चा जून, कॅनडातलं माँट्रियल, शुगर रे लिओनार्ड आणि पनामाचा रॉबर्टो ड्युरान. लिओनार्ड पायानं चपळ, हातानं चपळ, ड्युरान म्हणजे अंगावर येऊन गुदमरवून टाकणारा. ड्युराननं फाईटच्या आधी लिओनार्डला डिवचलं, त्याच्या बायकोसमोर शिव्या दिल्या, मर्दपणा काढला, आणि लिओनार्ड इतका पेटला की रिंगमध्ये आपले पाय विसरला आणि ड्युरानच्या अंगाला भिडून पंधरा राऊंड ड्युरानची फाईट लढला. शूरपणे लढला, पण हरला. पाच महिन्यांनी न्यू ऑर्लिन्सला रिमॅच. या वेळी लिओनार्ड फिरत राहिला, मारून बाजूला, मारून बाजूला, हात गरगर फिरवून ड्युरानला खिजवलं, म्हणजे या वेळी पेटायची पाळी ड्युरानची, आणि आठव्या राऊंडला ड्युराननं हात झटकून लढायचंच सोडून दिलं. ड्युरानसारख्या माणसानं! आणि यात तुझी वजनाची गोष्ट परत आहे, कारण पहिली फाईट जिंकल्यावर ड्युरान खाऊन-पिऊन फुगला होता, ते लिओनार्डला माहीत होतं म्हणूनच त्यानं रिमॅच लवकर मागितली, आणि ड्युरानला थोड्या दिवसांत ढीगभर वजन उतरवावं लागलं.

राग सकाळी साडेपाचला उठायला वापर, पावसात पळायला वापर, एरवी कंटाळा येतो अशी पायांची तीच ती ड्रिल शंभराव्यांदा करायला वापर. बेल वाजल्यावर तो उपयोगाचा नाही. तू तिला फोडायला गेलीस की तू पुढं वाकणार, उजवा लांबून फिरवणार, आणि ती डाव्या हातानं तुझी वाटच बघत असणार. आपल्या खेळात पाच जज बसतात आणि स्वच्छ पंच मोजतात, जोर लावून दात-ओठ खाणाऱ्याला वेगळे मार्क नाहीत.

जिंकलेल्या बाजूचंही बघ, ते तुझ्या फायद्याचं आहे. जिंकलेला माणूस बहुतेक वेळा तसाच्या तसा परत येतो, कधी कधी त्याहून ढिला. अँडी रुइझनं जून २०१९ मध्ये न्यूयॉर्कला अँथनी जोशुआला सातव्या राऊंडला हरवलं, जगभर खळबळ. डिसेंबरला सौदीत रिमॅच झाली तेव्हा रुइझ आधीपेक्षा सुमारे सात किलो जास्त भरला, नंतर स्वतःच कबूल केलं की पार्ट्या नडल्या. जोशुआ साडेचार किलो हलका होऊन आला, बारा राऊंड जॅब मारत फिरत राहिला, एका जजनं तर ११९-१०९ दिले. फाईट कंटाळवाणी होती अशी लोकांनी टीका केली. करू देत, बेल्ट त्याच्याकडं आला. तू पण कंटाळवाणी जिंकलीस तरी मला चालेल.

वचपा काढण्यात उस्ताद कोण असं विचारशील तर माझं उत्तर शुगर रे रॉबिन्सन. १९४३ च्या फेब्रुवारीत डेट्रॉइटला जेक लामोटाकडून पहिल्यांदा हरला, आणि तीन आठवड्यांत त्याच शहरात त्यालाच हरवलं, मध्ये आणखी एक फाईट खेळून! १९५१ च्या जुलैत लंडनला रँडी टर्पिनकडून हरला, युरोपभर फिरत, मजा करत, फाईटमागून फाईट खेळून थकलेला होता. दोन महिन्यांनी न्यूयॉर्कला साठ हजारांवर लोकांसमोर रिमॅच, दहाव्या राऊंडला डोळ्यावर जखम फुटली, रक्त यायला लागलं, आता रेफरी आपल्यालाच थांबवेल हे ओळखून रॉबिन्सननं असा काही मारा केला की रेफरीला टर्पिनसाठी फाईट थांबवावी लागली. पण तू यूट्यूबवर शोधून बघावीस ती १९५७ ची जीन फुलमरशी दुसरी फाईट. जानेवारीत फुलमरनं त्याला अंगावर येऊन येऊन, दाबून हरवलं होतं. मेमध्ये शिकागोला रॉबिन्सन उजवा हात फुलमरच्या पोटावर मारतोय, परत पोटावर, फुलमरचा गार्ड हळूच खाली यायला लागतो, त्याला स्वतःला कळतही नाही, आणि पाचव्या राऊंडला मागं सरकता सरकता रॉबिन्सनचा डावा हुक हनुवटीवर. तोपर्यंत फुलमरला कुणी नॉकआऊट केलं नव्हतं. तो हुक हळू करून दहा वेळा बघ आणि त्याच्या आधीचे पोटावरचे पंच वीस वेळा बघ, कारण हुक त्यांच्यामुळं लागलाय.

बायकांच्या बॉक्सिंगमधलंही सांगते. केटी टेलर मे २०२३ मध्ये डब्लिनला स्वतःच्या देशात, स्वतःच्या लोकांसमोर शँटेल कॅमेरॉनकडून हरली, प्रोफेशनलमधली पहिली हार, वय छत्तीस, वरच्या गटात जाऊन लढलेली. लोक म्हणाले आता थांब. नोव्हेंबरला तिथंच, त्याच गटात, तिलाच हरवलं. पहिल्या वेळी कॅमेरॉन अंगावर येत होती आणि केटी मागं सरकत होती, दुसऱ्या वेळी केटी आधी हात टाकायची, आणि कॅमेरॉन जवळ आली की धरून ठेवायची. बदल एवढाच पण दहा राऊंड नेमानं पाळला.

"परत हरले तर" याचं उत्तर द्यायचं राहिलं. हरू शकतेस. फ्लॉइड पॅटरसनला १९५९ मध्ये इंगेमार योहान्सननं तिसऱ्या राऊंडला सात वेळा खाली पाडलं, तो कित्येक दिवस लोकांना तोंड दाखवेना. वर्षभरानं त्यानं योहान्सनला पाचव्या राऊंडला नॉकआऊट केलं आणि हेवीवेटचं टायटल परत मिळवणारा जगातला पहिला माणूस ठरला. योहान्सन बेशुद्ध पडला, त्याचा पाय थरथरत होता, तर जिंकलेला पॅटरसन आनंद सोडून त्याच्याजवळ जाऊन बसला. आणि हाच पॅटरसन १९६२ मध्ये सनी लिस्टनकडून पहिल्या राऊंडला हरला, दहा महिन्यांनी रिमॅच घेतली आणि परत पहिल्याच राऊंडला हरला, आधीपेक्षा फक्त चार सेकंद जास्त टिकला. काही प्रतिस्पर्धी आपल्याला जमतच नाहीत, त्यांचा आकार, त्यांची ढब, आपल्या खेळाला बसतच नाही, आणि हे मान्य करण्यात कमीपणा नाही. पॅटरसन त्यानंतरही १९७२ पर्यंत लढला, चांगला लढला. आणि क्लॅरेसा शील्ड्स बघ, २०१२ च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये सवाना मार्शलकडून हरली तेव्हा फक्त १७ वर्षांची, आणि तिच्याशी हिशेब चुकता केला ऑक्टोबर २०२२ मध्ये लंडनला. दहा वर्षं लागली! पण त्या दहा वर्षांत ती मार्शलच्या नावानं कुढत बसली नाही, त्याच २०१२ मध्ये ऑलिंपिक गोल्ड, २०१६ ला परत गोल्ड, मग प्रोफेशनलची टायटल्स. तुझी चार महिन्यांनंतरची बाउट ही एकमेव संधी आहे असं समजू नकोस. तू १९ ची आहेस.

आईचं मात्र मनावर घे. ती तुझ्या खेळाच्या विरोधात नसेल, तुला मार खाताना बघून आणि उपाशी बघून घाबरली असेल. त्या बाउटनंतर डोकं दुखलं होतं का, उलटी झाली होती का, झोप नीट लागते का, हे खरं खरं सांग आणि काही असेल तर डॉक्टरांनी बरं म्हटल्याशिवाय स्पॅरिंग (सरावाची लढत) नाही. या वेळी वजन जेवून-खाऊन उतरवतेय हे तिला रोज ताटात दिसू दे, त्यानं ती निम्मी शांत होईल.

आणि सोमवारी सरांना भेटायला जाशील तेव्हा ती वही घेऊन जा. "सर, विसरणार नाही, पण कुढणारही नाही, हे बघा मला कुठं लागलं" असं सांग, ते खूश होतील. आठवड्यातून दोनदा डावखुऱ्याबरोबर स्पॅरिंग पाहिजे म्हणावं. तुमच्या क्लबात कुणी नसेल तर शेजारच्या तालुक्यात विचारा, मुलगी नाही मिळाली तर मुलगा चालेल पण वजनाला जवळचा, हलक्या हाताचा, आणि सर रिंगजवळ उभे असतील तेव्हाच. तोही नाहीच मिळाला तर मैत्रिणीला स्टान्स (उभं राहायची पद्धत) उलटा करायला लावून निदान पायाची जागा तरी घोटून घे. आणि मधल्या चार महिन्यांत एखादी छोटी जिल्हा स्पर्धा असेल तर तिच्यात उतर, थेट त्या मुलीसमोर जाऊन नवं काही पहिल्यांदा करून बघू नकोस.